घरावरील दूरचित्रवाणी अँटेना

प्रक्षेपण केंद्राकडून हवेतून येणाऱ्या रेडिओलहरी पकडून त्या तारेवाटे दूरचित्रवाणी संचापर्यंत पोचवणारी, घराबाहेर उंचावर बसवलेली धातूची रचना. मराठी परिभाषेत तिला ‘आकाशक’ असा शब्द आहे, पण गच्चीवर चढलेल्या माणसाने तो वापरल्याचे ऐकिवात नाही. तो अँटेनाच म्हणतो. चित्र चांगले दिसले तर श्रेय टीव्हीला आणि वाईट दिसले तर दोषही टीव्हीलाच, अशी घरोघरची रीत होती. प्रत्यक्षात चित्राचे निम्मे भवितव्य पाइपाच्या टोकाला ठरत असे.

भारतात प्रायोगिक प्रक्षेपण १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत सुरू झाले. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, आणि पुढच्याच वर्षी सिंहगडावरील सहक्षेपण (रिले) केंद्रामुळे मुंबईचे कार्यक्रम पुण्यात दिसू लागले. राज्याच्या बऱ्याचशा भागाला मात्र १९८४ च्या सुमारास देशभर उभ्या राहिलेल्या अवघ्या १०० वॅटच्या लघुशक्ती प्रक्षेपकांची वाट पाहावी लागली. तालुक्याच्या गावात प्रक्षेपक आला की महिन्याभरात कौलांवर ॲल्युमिनियमच्या काड्यांचे रान माजे.

या काड्यांची मांडणी जपानी आहे. सेंदाई येथील तोहोकू विद्यापीठात शिन्तारो उदा आणि हिदेत्सुगु यागी यांनी ती १९२६ मध्ये मांडली. यागींनी १९२८ मध्ये तिच्यावर इंग्रजीत लेख लिहिला आणि जगाने फक्त त्यांचेच नाव उचलले. ‘यागी-उदा’ हे न्याय्य नाव अजूनही पुस्तकापुरतेच आहे. हिच्यात लहर खऱ्या अर्थाने पकडणारी दांडी एकच असते, ती म्हणजे दोन्ही टोकांना वाकवून बंद केलेला, चपट्या कडीसारखा दिसणारा द्विध्रुव (डायपोल). तारा त्यालाच जोडतात. त्याच्या मागची किंचित लांब दांडी लहर परतवते, पुढच्या किंचित आखूड दांड्या ती द्विध्रुवाकडे वळवतात. म्हणून आखूड काड्यांची बाजू केंद्राकडे हवी. लांब दांडी पुढे असली तर जास्त ओढेल, या समजुतीने उलटे बसवलेले अँटेने गल्लोगल्ली असत.

द्विध्रुवाची लांबी लहरीच्या लांबीच्या सुमारे निम्मी लागते. चॅनेल ४ (६१ ते ६८ मेगाहर्ट्‌झ) साठी ती सव्वादोन मीटरच्या आसपास येते, तर चॅनेल ५ (१७४ ते १८१ मेगाहर्ट्‌झ) साठी जेमतेम ८० सेंटिमीटर. आकड्यांत एकाचा फरक, पण मधे मोठी पोकळी आहे, कारण चॅनेल ४ वारंवारतेच्या पहिल्या पट्ट्यात (बँडमध्ये) मोडते आणि ५ तिसऱ्या. बदलीच्या गावी चॅनेल वेगळे असले की नेलेला जुना अँटेना तिथे कुचकामी ठरे तो यामुळे. दुकानदाराने फसवले, असा त्याचा अर्थ नेहमीच नसे.

या लहरी बऱ्याच अंशी सरळ रेषेत जातात, त्यामुळे उंचीला महत्त्व. मनोरा आणि अँटेना यांच्या मीटरमधील उंचीची वर्गमुळे काढून बेरीज करावी आणि तिला ४.१२ ने गुणावे. येईल ते लहर पोचण्याचे किलोमीटरमधले अंतर. मुंबई केंद्राचा वरळीचा मनोरा सुमारे ३०० मीटर उंच आहे. दहा मीटरवरच्या अँटेन्याला तो हिशेबाने ८४ किलोमीटरवरून दिसायला हवा. मधे डोंगर नसला तर. कोकणातल्या खोऱ्यांत आणि मावळात हा ‘तर’च आडवा येई. उलट उन्हाळ्यात अरबी समुद्रावर हवेचे थर असे काही जमतात, की लहरी त्यांत कोंडून शेकडो किलोमीटर जातात. मग किनाऱ्यावरच्या घरांत मधूनच कराचीचे किंवा आखातातले चित्र उमटे आणि तासाभरात विरून जाई.

बसवण्याच्या कामात पहिली गोष्ट पाइप. साधारण दीड इंची जस्तलेपित लोखंडी पाइप गच्चीच्या कठड्याला दोन ठिकाणी क्लॅम्पने आवळतात; दोन क्लॅम्पमधले अंतर जितके जास्त तितका तो वाऱ्याला टिकतो. पाइप वीसेक फुटी असेल तर तिन्ही दिशांना ताणाच्या तारा लागतात. कौलारू घरावर पाय ठेवायलाच जागा नसते, म्हणून तिथे परसातला खांब किंवा उंच बांबू कामी येई. जवळून विजेच्या उघड्या तारा जात असतील तर पाइप आणि अँटेना यांच्या एकूण उंचीपेक्षा जास्त अंतर सोडावेच लागते. पाइप उभा करताना हातातून कलंडला तर तो कुठवर पोचेल, एवढाच हा हिशेब. तो न केल्याने माणसे दगावलेली आहेत.

मग वायर. जुन्या काळी दोन तारांची चपटी पट्टी वापरत. तिचा रोध ३०० ओहम, द्विध्रुवाचाही तेवढाच, त्यामुळे जोड सरळ. पण ती पत्र्याला किंवा पाइपाला चिकटून नेली, किंवा पावसात भिजली, की चित्र बिघडे. पुढे ७५ ओहमची गोल केबल आली आणि दोहोंचा मेळ घालायला बालून नावाची छोटी डबी मधे आली. केबल घरात शिरण्यापूर्वी तिला खाली एक झोल द्यावा, म्हणजे पाणी तिथून ठिबकते, भिंतीतून संचापर्यंत येत नाही. इतकी साधी गोष्ट, पण टीव्हीमागे भिंतीला आलेली ओल नेमकी इथूनच सुरू होते.

दिशा ठरवण्याला मात्र तिघे लागत. एक गच्चीवर, एक टीव्हीसमोर आणि एक जिन्यात किंवा खिडकीत, निरोप्या. ‘आलं का?’, ‘आलं, आलं... गेलं!’, ‘जरा मागे घे!’ हा संवाद राज्यभर एकसारखा होता. ‘मुंग्या येतात’ म्हणजे लहर क्षीण आहे. ‘डबल दिसतंय’ म्हणजे ती एकाऐवजी दोन वाटांनी येते आहे. या दोन तक्रारींवरचे उपाय वेगळे आहेत, आणि चुकीचा उपाय केल्याने बहुतेक रविवार वाया गेले. मुंग्यांवर उंची वाढवणे हा बरा इलाज. दुहेरी चित्रात इमारतीवर किंवा डोंगरावर आपटून आलेली लहर उशिरा पोचलेली असते. तीनशे मीटर जास्त फिरून आली तर एक मायक्रोसेकंद उशीर होतो, आणि वीस इंची पडद्यावर सावली सुमारे आठ मिलिमीटर उजवीकडे सरकते. सावलीवरून आडवी येणारी इमारत अशी अदमासाने शोधता येई. तिथे अँटेना थोडा वळवून परावर्तित लहर त्याच्या बाजूवर घेतात, कारण बाजूने येणारे त्याला फारसे ऐकू येत नाही. कधी तो खाली उतरवून पाण्याच्या टाकीच्या आडोशाला बसवला तरी चित्र सुधारते. उंच तेवढे चांगले हा नियम इथे मोडतो.

बूस्टर हा क्षीण लहर वाढवणारा वर्धक पाइपावरच, अँटेन्याजवळ बसवायचा असतो. त्याची वीज त्याच केबलने वर जाते. खाली टीव्हीपाशी लावला तर केबलीत क्षीण झालेल्या लहरीबरोबर मुंग्याही मोठ्या होतात.

वळवाच्या पावसात विजेचे भय खरे आहे. पाइप जाड तांब्याच्या तारेने थेट जमिनीतल्या अर्थिंगला जोडावा, आणि आभाळ भरून येताच टीव्हीमागची पिन काढून ठेवावी. कडकडाट सुरू झाल्यावर हात लावू नये. बाकी उपद्रव किरकोळ: कावळे, संक्रांतीचे पतंग, कोकणात वानरे आणि काड्यांचे जोड खाणारी खारी हवा.

१९९२ नंतर केबल टीव्ही पसरला आणि अँटेने उतरू लागले. दूरदर्शनने फेब्रुवारी २०१६ मध्ये देशातील १६ शहरांत अंकीय (डिजिटल) प्रक्षेपण सुरू केले. त्यांत मुंबई व औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) ही होती. जुन्या पद्धतीचे सदृश (ॲनालॉग) प्रक्षेपक, मोक्याच्या ठिकाणचे सुमारे पन्नास सोडून, मार्च २०२२ अखेर बंद करण्यात आले. अंकीय चित्रात मुंग्या नाहीत: ते एकतर स्वच्छ येते किंवा चौकोनांत फुटून गोठते, त्यामुळे ‘जरा मागे घे’ला वावच उरत नाही. अमेरिकेत मात्र हा अँटेना जिवंत आहे. तिथे १९९६ च्या नियमामुळे घरमालकाच्या मालकीच्या जागेत तो लावायला सोसायटीला सहसा मनाई करता येत नाही, आणि बऱ्याच वाहिन्या तो फुकट देतो.

पुण्यातल्या जुन्या वाड्यांवर आणि चाळींवर ते गंजके पाइप अजून उभे आहेत. कुठे त्यांना वाळत घालायची दोरी बांधली आहे, कुठे फ्री डिश या दूरदर्शनच्या मोफत उपग्रह सेवेची ताटली. सिंहगडाकडे, म्हणजे नैर्ऋत्येला, रोखलेल्या काड्या गेल्या. त्याच पाइपावरची ताटली आग्नेयेला, विषुववृत्तावर ९३.५ अंश पूर्वेला असलेल्या उपग्रहाकडे तोंड करून असते.