जुना रेडिओ (ग्रामीण विदर्भ)

घरात मोबाईल, ब्लूटूथ स्पीकर असतानाही व्हॉल्व्हचा (आत तापणाऱ्या काचेच्या नळ्या असलेला) किंवा जुन्या ट्रान्झिस्टरचा रेडिओ रोज ऐकायचा आणि बिघडला तर दुरुस्त करून परत लावायचा, अशी ही पद्धत. शोभेला ठेवलेले सेट यात धरायचे नाहीत.

नागपूर आकाशवाणी 16 जुलै 1948 ला सुरू झाली, पण खेड्यात रेडिओ घरोघरी पोचला तो बहुधा 1960 च्या दशकाच्या शेवटाकडे, सेलवरचे ट्रान्झिस्टर परवडायला लागले तेव्हा. त्याआधी बिनविजेच्या गावात व्हॉल्व्हचा सेट चालवायचा तर 90 व्होल्टचा वगैरे बॅटरी पॅक लागायचा, म्हणजे तो मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या, वाड्यावर नाहीतर ग्रामपंचायतीतच. पोस्टात फी भरून लायसन्सही काढावं लागे, ते 1980 च्या दशकाच्या मध्यात बंद झालं.

जुन्या सेटचा आवाज गोड का लागतो यावर जाणकारांत एकमत नाही. एक मत असं की व्हॉल्व्हमधून जी विकृती येते ती कानाला सुखावणारी असते, सम हार्मोनिक्सची (मूळ सुराच्या दुप्पट, चौपट अशा सुरांची), आणि नव्या आयसीत, म्हणजे चिपमध्ये, ती नसते. दुसरं मत पेटीला श्रेय देतं, लाकडी कॅबिनेट, मोठा अंडाकृती स्पीकर. आता मीडियम वेव्हवर आपल्याकडे दोन स्टेशनांत 9 किलोहर्ट्झचं अंतर, त्यातलं निम्मंच एका स्टेशनाच्या एका बाजूला, त्यामुळे साधारण साडेचार किलोहर्ट्झच्या वरचा आवाज सेटमध्ये फारसा येतच नाही, मग राहतो तो खालचा आणि मधला सूर, आणि तो भरून यायला स्पीकर आणि पेटीच मोठी लागते. शिवाय विदर्भातल्या खेड्यात आज जे सेट वाजतात त्यातले बरेच व्हॉल्व्हचे नाहीतच, तरी ऐकणारे गोडच म्हणतात. म्हणून पेटीचं मत जास्त पटतं.

नागपूर 585 किलोहर्ट्झवर लागतं, लहर जवळपास 513 मीटरची. ही लहर जमिनीला धरून लांब जाते, एफएमसारखी टेकडीआड अडत नाही. आतली फेराइटची कांडी, म्हणजे सेटचा अँटेना, एका दिशेला जास्त ओढते, म्हणून सेट हळूहळू फिरवून खरखर कमी करतात, हे वावरातल्या माणसाला कुणी शिकवावं लागत नाही. मोटरपंपाची लाईन रात्रपाळीची असली की जागलीवर, म्हणजे रात्री शेत राखायला, रेडिओ जातोच, रानडुकरं आवाजाने लांब राहतात हाही हिशोब असतो. एलईडी बल्ब आणि चार्जर मीडियम वेव्हवर कचरा सोडतात, त्यामुळे लाईन गेली की गावात रेडिओ उलट साफ लागतो आणि सेलवर चालतही राहतो. उतरलेले सेल उन्हात ठेवून थोडे आणखी चालवतात, उष्णतेने आतली रासायनिक क्रिया वेग घेते म्हणून, पण ते काही वेळापुरतंच, आणि गळलेला सेल आत राहिला तर पट्ट्या गंजतात.

दुरुस्ती तालुक्याच्या बाजारात होते. डायलची दोरी, व्हॉल्यूम कंट्रोल, बँड स्विच ही नेहमीची कामं. अवघड जातं ते एसी128 सारख्या जर्मेनियम ट्रान्झिस्टरचं. त्याच्या जागी त्याच जातीचा (पीएनपी) सिलिकॉनचा ट्रान्झिस्टर बसवता येतो, पण जर्मेनियमला बेसवर, म्हणजे तो चालू करणाऱ्या पायावर, 0.2 ते 0.3 व्होल्ट पुरतात तर सिलिकॉनला 0.6 च्या पुढे, तेव्हा बायसचा, म्हणजे हा व्होल्ट ठरवणारा, रेझिस्टर बदलल्याशिवाय हळू आवाजात सेट फाटल्यासारखा वाजतो.