‘माझ्याच लोकांत माझं हसं झालं’ हे कोण म्हणतो?

बायबलमधल्या ‘विलापगीत’ या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायातला माणूस म्हणतो, की आपल्याच लोकांत त्याचं हसं झालं, दिवसभर ते त्याच्यावर गाणी रचतात. हा माणूस म्हणजे यिर्मया संदेष्टा, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं.

पण मूळ हिब्रू पुस्तकात लेखकाचं नाव कुठेच नाही. अध्याय सुरू होतो तो ‘दुःख पाहिलेला पुरुष मीच’ असा, बिननावाचा. यिर्मयाचं नाव आलं ते जुन्या ग्रीक भाषांतराच्या प्रस्तावनेतून. हिब्रू बायबलात तर हे पुस्तक संदेष्ट्यांच्या विभागात नाहीच.

गैरसमज का रुजला, हे मात्र सहज कळतं. यिर्मयाही त्याच्या नावाच्या पुस्तकात, विसाव्या अध्यायात, ‘दिवसभर माझी थट्टा होते’ म्हणतो. त्याच्या जन्मगावचे, अनाथोथचे लोक त्याच्या जिवावर उठले होते, सख्खे भाऊही उलटले होते. इतकं साम्य असल्यावर नाव चिकटणारच. पण विलापगीताच्या चौथ्या अध्यायातला कवी म्हणतो, ‘वाचवू न शकणाऱ्या राष्ट्राची आम्ही वाट पाहिली.’ मिसरवर, म्हणजे इजिप्तवर, विसंबू नका असं बजावणारा यिर्मया हे म्हणेल, हे मला पटत नाही.

आणि तिसरा अध्याय हा निव्वळ अनावर आक्रोशही नाही. ६६ ओव्या, २२ हिब्रू अक्षरं, प्रत्येक अक्षराने सुरू होणाऱ्या तीन. हसं झाल्याची ती चौदावी ओवी ‘हे’ या अक्षराने उघडते: ‘हायीती’, म्हणजे ‘मी झालो’. इ. स. पू. ५८६च्या सुमारास यरुशलेम पडलं. त्या राखेत बसून कुणीतरी आपल्या माणसांनी केलेला अपमान अक्षर अक्षर जुळवून मांडला आणि स्वतःचं नाव मात्र लिहिलं नाही.