'ऑलवेज' कुठे बसतं आणि का: इंग्लिश अॅडव्हर्बच्या जागेमागचा इतिहास

इंग्लिश शिकताना हा नियम सगळ्यांकडून पाठ करून घेतात, की ऑलवेज, नेव्हर, ऑफन, युज्वली हे शब्द मुख्य व्हर्बच्या आधी येतात पण 'इज, आर, वॉज' असेल तर नंतर येतात. म्हणजे 'ही ऑलवेज कम्स लेट' पण 'ही इज ऑलवेज लेट'. आणि मदतीला दुसरं व्हर्ब असेल तर दोघांच्या मधे, 'ही हॅज ऑलवेज कम लेट'. असं का, हे सहसा कोणी सांगत नाही, अपवाद आहे म्हणतात आणि पुढचा धडा सुरू. मला हे फार खटकतं कारण हा अपवाद नाहीच, हा जुन्या इंग्लिशचा सरसकट नियम होता आणि आता तेवढ्याच थोड्या व्हर्बपुरता शिल्लक राहिलाय.

साधारण हजार वर्षांपूर्वीच्या इंग्लिशमधे नामांना विभक्तीचे प्रत्यय होते, व्हर्बला पुरुष आणि वचनाप्रमाणे वेगवेगळे शेवट होते, त्यामुळे कर्ता कोण नि कर्म कोण हे बऱ्याच अंशी शब्दाच्या रूपावरून कळायचं. आपण 'तो नेहमी उशिरा येतो', 'नेहमी उशिरा येतो तो', 'येतो तो नेहमी उशिरा' असं काहीही बोललो तरी गोंधळ होत नाही, तशीच बरीचशी मोकळीक तेव्हा त्यांनाही होती. एक शिस्त मात्र होती, मुख्य वाक्यात व्हर्ब बऱ्याचदा दुसऱ्या नंबरवर यायचं, खास करून वाक्य 'तेव्हा' या अर्थाच्या शब्दाने सुरू झालं की. 'था कोम से क्युनिंग', म्हणजे 'तेव्हा आला राजा'. जर्मन आणि डचमधे ही शिस्त आजही आहे, इंग्लिशमधे तिचे तुकडे उरलेत, 'नेव्हर हॅव आय सीन' म्हणताना नेव्हर पुढे गेलं की हॅव लगेच त्याला चिकटून येतं आणि कर्ता मागे पडतो, किंवा 'हिअर कम्स द बस'.

पुढच्या काही शतकांत प्रत्यय झिजत गेले आणि शब्दांचा क्रम घट्ट होत गेला. याच झिजण्यात अॅडव्हर्बचं स्वतःचं रूपही गेलं. आधी विशेषणाला शेवटी 'ए' लावला की अॅडव्हर्ब तयार व्हायचं, तो 'ए' उच्चारातून गळून पडला आणि फास्ट, हार्ड, लाँग ही विशेषणं आणि अॅडव्हर्ब दिसायला एकच झाली. म्हणून मग 'ली' लावायची पद्धत जोरात पसरली. 'ड्राइव्ह स्लो' हे अशिक्षित इंग्लिश आहे असं कोणी म्हणालं तर त्यांना सांगा, असली बिनशेपटाची अॅडव्हर्ब शेकडो वर्षं जुनी आहेत.

आता मूळ मुद्दा. मध्ययुगीन इंग्लिशमधे सगळीच व्हर्ब वाक्यात पुढे, म्हणजे सुरुवातीच्या दिशेने, सरकायची, 'नॉट' आणि अॅडव्हर्ब ओलांडून. 1482च्या सुमाराच्या एका पुस्तकात, ऱ्होड्स बेटाच्या वेढ्याच्या हकिकतीत, 'द टर्क्स मेड अनॉन रेडी' असं वाक्य येतं आणि त्यापुढे कर्म. 'अनॉन' म्हणजे लगेच, आणि ते 'मेड'च्या नंतर आलंय. आज कोणी असं लिहिणार नाही. 'नॉट'चंही तेच, 1611च्या किंग जेम्स बायबलमधे 'दे नो नॉट व्हॉट दे डू' आहे, आज आपण 'दे डोन्ट नो' म्हणतो. म्हणजे तेव्हा 'नो' (माहीत असणं) हे व्हर्ब 'नॉट'ला ओलांडून पुढे यायचं, आता ते मागेच थांबतं आणि पुढची रिकामी जागा भरायला 'डू' येतं. हे एका दिवसात झालं नाही, 16व्या शतकात दोन्ही पद्धती शेजारी शेजारी चालू होत्या, शेक्सपिअरच्या नाटकांत दोन्ही सापडतात.

थोडक्यात अॅडव्हर्ब हललंच नाही! ते जिथल्या तिथे राहिलं, व्हर्बने पुढे यायचं सोडलं. फक्त 'बी', मदतीला येणारं 'हॅव' आणि विल, कॅन, मस्ट यांनी जुनी सवय सोडली नाही, ती अजूनही पुढे जातात, म्हणून 'इज ऑलवेज' पण 'ऑलवेज कम्स'. फ्रेंचमधे तर सगळी व्हर्ब अजूनही पुढे जातात, 'जाँ आंब्रास सुव्हां मारी', शब्दशः 'जाँ चुंबन घेतो बऱ्याचदा मारीचं'. इंग्लिश आणि फ्रेंचमधला हाच फरक धरून भाषाशास्त्रज्ञ जाँ-इव्ह पोलॉक यांनी 1989 मधे एक लेख लिहिला जो आधुनिक वाक्यरचनाशास्त्रात पुन्हा पुन्हा वाचला जातो. व्हर्बचे शेवट झिजले म्हणून त्याचं पुढे जाणं थांबलं असं बरेच अभ्यासक मानतात, त्यावर वादही आहे, पण मला हे कारण बऱ्यापैकी पटतं. आणि 'शी स्पीक्स फ्लुएंटली इंग्लिश' का चुकतं याचं उत्तरही इथेच आहे, व्हर्ब आता कर्माजवळच थांबतं, मधे अॅडव्हर्ब शिरायला जागा उरत नाही.

इथपर्यंतचे नियम भाषेत आपोआप घडले, कोणी ठरवले नाहीत. 18व्या शतकापासून मात्र टेबलावर बसून नियम करणारे आले. रॉबर्ट लाउथ यांनी 1762 मधे व्याकरणाचं छोटं पुस्तक काढलं, त्यात ते म्हणतात की अॅडव्हर्ब ज्या शब्दाबद्दल आहे त्याच्या जवळ असावं, आणि 'आय ओन्ली स्पेक थ्री वर्ड्स' न म्हणता 'आय स्पेक ओन्ली थ्री वर्ड्स' म्हणावं. सल्ला म्हणून वाईट नाही, पण बोलताना माणसं 'ओन्ली' आधीच टाकतात आणि ऐकणाऱ्याला आवाजाच्या जोरावरून बरोबर कळतं. लिंडली मरे यांनी 1795च्या व्याकरणात अॅडव्हर्बच्या जागा सांगितल्या, त्यात साहाय्यक व्हर्ब आणि मुख्य व्हर्ब यांच्या मधली जागाही होती, म्हणजे 'विल' आणि पुढचं व्हर्ब यांच्या मधे अॅडव्हर्ब टाकण्यात त्यांना काही गैर वाटत नव्हतं.

'टू' आणि व्हर्ब यांच्या मधे अॅडव्हर्ब घालू नका ही बंदी त्याहून उशिराची. अशी रचना मध्ययुगापासून लिहिली जात होती. 1834 मधे अमेरिकेतल्या एका मासिकात कोणीतरी 'पी' एवढीच सही करून तिच्यावर टीका केली, 1864 मधे इंग्लंडमधे धर्मगुरू हेन्री आल्फर्ड यांनीही तिला नावं ठेवली, आणि बघता बघता शाळांमधे तो नियमच होऊन बसला. 1926 मधे इंग्लिशच्या वापरावरच्या प्रसिद्ध कोशात फाउलर यांनी शांतपणे समजावलं की ओढूनताणून लिहिलेल्या वाक्यापेक्षा मधे घातलेलं अॅडव्हर्ब बरं. 1966 पासून स्टार ट्रेक या टीव्ही मालिकेतलं 'टू बोल्डली गो' घरोघरी पोचलं, 1998च्या ऑक्सफर्डच्या मोठ्या शब्दकोशाने ही रचना चालते असं स्पष्ट म्हटलं, तरी भीती गेली नाही.

ही भीती किती खोल असू शकते याचं एक उदाहरण. 20 जानेवारी 2009, बराक ओबामांचा शपथविधी. घटनेतले शब्द आहेत 'आय विल फेथफुली एक्झिक्यूट द ऑफिस', म्हणजे 'विल' आणि 'एक्झिक्यूट'च्या बरोबर मधे अॅडव्हर्ब. सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी पाठ म्हणून सांगताना 'फेथफुली' उचलून थेट वाक्याच्या शेवटी नेलं. ओबामा 'एक्झिक्यूट'वर येऊन थांबले, रॉबर्ट्स यांनी सुधारायचा प्रयत्न केला तोही अडखळला, शेवटी ओबामांनी 'फेथफुली' शेवटीच म्हटलं. भाषाशास्त्रज्ञ स्टीव्हन पिंकर यांनी तेव्हा तर्क मांडला की व्हर्बचे दोन भाग तोडू नयेत ही शिकवण रॉबर्ट्स यांच्या इतकी अंगात मुरली असावी की डोक्यात वाक्य आपोआप दुरुस्त झालं. सिद्ध करता येणार नाही, पण अशक्य अजिबात वाटत नाही. कायदेशीर शंका राहायला नको म्हणून दुसऱ्या दिवशी, 21 जानेवारीला, व्हाइट हाउसमधे शपथ पुन्हा घेतली गेली आणि या वेळी 'फेथफुली' घटनेत लिहिलंय त्याच जागी आलं.