खोल हिरीचं पाणी माणसाले खाली ओढते? नाही बावा

आमच्या इकडे सगळे सांगतात, हिर जेवढी खोल तेवढं पाणी खाली ओढते. अरे, स्थिर पाणी ओढत नाही, वरच ढकलते, अन् किती ढकलते ते खोलीवर नाही, वस्तूनं किती पाणी बाजूले सारलं त्यावर असते, आर्किमिडीजचा नियम, शाळेत घोकलाच असन. 25 किलोचा, 10 लिटर जागा घेणारा दगड दोरीनं सोडा, पाण्यात तो 15 किलोच भरन, 10 फुटावर बी अन् 40 फुटावर बी. खाली दाब वाढते हे खरंय, पण दगडाच्या वरून बी वाढते न खालून बी, फरक तेवढाच राह्यते. भरली बालटी पाण्यात फुलासारखी अन् बाहेर येताच हात ओढते, ते यानंच.

मग हे आलं कुठून? माणूस काही दगड नाही, छातीत हवा असते. 10 मीटर खाली दाब जवळपास डबल होते, दम धरून गेलेल्याच्या फुफ्फुसातली हवा दबून अर्ध्यावर येते, शरीर कमी पाणी सारते, म्हणून खोल बुडी मारली की वर यायले जोर लागते. ओढत कोणी नाही, ढकलणं कमी होते. पाण्यातल्या देवी म्हणतात त्या आसरा-बिसरा तर सोडूनच द्या.