‘लघवी झाली’ म्हणजे नेमके काय? पेशी पेरलेल्या किडनीची पार्श्वभूमी

नागपूरच्या डायलिसिस सेंटरमध्ये गोंदिया-गडचिरोलीहून येणाऱ्यांना चार तास खुर्चीवर काढावे लागतात. ‘प्रयोगशाळेत किडनी तयार झाली’ ही बातमी तिथे अजून ऐकू येते. तिचे मूळ 2013 च्या उंदरांवरच्या एका प्रयोगात आहे: किडनी धुऊन रिकामी केली, तिच्यात नव्या पेशी पेरल्या आणि ‘लघवी झाली’ असे मथळे आले.

त्याआधी 2008 मध्ये उंदराचे हृदय डिटर्जंटने धुऊन पेशीमुक्त केले गेले. किडनीलाही तोच मार्ग लावला. धमनीतून हेपरिन (रक्त गोठू न देणारे औषध) घातलेले सलाइन, मग 40 मिमी पाऱ्याच्या दाबाने 1 टक्का एसडीएस हे डिटर्जंट 12 तास, थोडा वेळ ट्रायटन हे दुसरे डिटर्जंट, शेवटी चार दिवस अँटिबायोटिक घातलेले सलाइन. एसडीएस मागे उरले तर नव्या पेशी मरतात. ते गरजेपेक्षा जास्त वेळ फिरवले तर गाळणीचा पातळ पडदाच फाटतो.

उरतो तो किडनीचा पेशी नसलेला सांगाडा. हा शब्द हाडांची आठवण करून देतो, इलाज नाही. इंग्रजी ‘स्कॅफोल्ड’प्रमाणे परांची म्हणावे तर ती काम संपल्यावर काढतात, आणि हा आतच राहतो.

रक्तवाहिन्यांना आतून अस्तर देणाऱ्या पेशी धमनीतून गेल्या. नवजात उंदरांच्या किडनीच्या पेशी मूत्रवाहिनीतून (किडनीतून लघवी बाहेर नेणाऱ्या नळीतून) सोडल्या, पण नुसत्या ढकलून त्या आतवर पोचेनात. म्हणून किडनी ठेवलेल्या पात्रातली हवा ओढून दाब कमी करावा लागला. पुढे ही किडनी उंदरात बसवली आणि लघवी आली.

गोंधळ इथेच होतो. त्याच प्रयोगात पेशी नसलेल्या कोऱ्या सांगाड्यातून सगळ्यात जास्त ‘लघवी’ झिरपली, पेशी पेरलेल्या किडनीतून सगळ्यात कमी. फाटक्या चाळणीतून पाणी जास्तच पडणार. खरे काम राखण्याचे आहे: साखर आणि अल्ब्युमिन (रक्तातले एक प्रथिन) रक्तात परत ठेवायचे. कोऱ्या सांगाड्याने साखर जवळजवळ सगळी सोडली, पेरलेल्या किडनीने निम्म्याच्या आसपास राखली. आमच्या मते मथळा या आकड्याचा व्हायला हवा होता. लघवीच्या मथळ्याने थकलेल्या घरांना खोटी मुदत दिली.

डुकराच्या किडनीचे असे सांगाडे त्याआधीच, 2012 मध्ये, डुकरांत बसवून झाले होते. रक्ताचा दाब त्यांनी सोसला, पण वाहिन्यांत गुठळ्या भरल्या. अस्तराच्या पेशी नसतील तिथे सांगाड्यातले उघडे कोलॅजन हे प्रथिन रक्ताला लागते आणि गुठळी धरते. म्हणून त्यानंतरची मेहनत बहुतांशी या अस्तरावर गेली.

मार्च 2024 मध्ये 69 जनुकीय बदल केलेली डुकराची किडनी जिवंत माणसात बसली. तिला धुवावे लागत नाही की पेरावे लागत नाही. अस्तर जन्मापासूनच तिच्यात असते.