१८१२ चे युद्ध : सरोवरांवरच्या लढाया

अमेरिकेची संयुक्त संस्थाने आणि ब्रिटन यांच्यात १८१२ ते १८१५ या काळात झालेले युद्ध. ब्रिटिश आरमार अमेरिकी जहाजांवरचे खलाशी पकडून नेई आणि आपल्या जहाजांवर जबरदस्तीने कामाला जुंपी. नेपोलियनशी चाललेल्या झुंजीपायी ब्रिटनने समुद्री व्यापारावर निर्बंधही घातले होते. शिवाय पश्चिमेकडे मूळ रहिवाशांच्या जमिनींवर अमेरिकी वसाहतवाल्यांचा डोळा होता आणि त्या जमातींना ब्रिटिशांची फूस आहे, अशी त्यांची तक्रार होती. १८ जून १८१२ रोजी अमेरिकेने युद्ध पुकारले.

१६ ऑगस्टला अमेरिकी जनरल विल्यम हल याने डेट्रॉइट जवळजवळ न लढताच ब्रिटिश सेनापती आयझॅक ब्रॉक आणि मूळ रहिवाशांपैकी शॉनी जमातीचा नेता टेकुम्से यांच्या हवाली केले. तीनच दिवसांनी त्याचा पुतण्या कप्तान आयझॅक हल याच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ने अटलांटिकमध्ये ‘गेरिएर’ या ब्रिटिश फ्रिगेटचा (वेगवान युद्धनौकेचा) चुराडा केला. अशा एकास एक झुंजींनी अमेरिकेची छाती फुगली, तरी युद्धाचे पारडे त्यांनी फारसे हलले नाही. खरा निकाल कॅनडाच्या सीमेवरच्या गोड्या पाण्यात लागत होता. तिथे दाट जंगल होते, धड रस्ते नव्हते. पीठ, दारूगोळा, तोफा सगळे पाण्यावाटेच जाई. त्यामुळे ज्याच्या हाती सरोवर, त्याच्याच पलटणीच्या पोटात अन्न.

१० सप्टेंबर १८१३ रोजी ईरी सरोवरावर अमेरिकी आरमारी अधिकारी ऑलिव्हर पेरीचे ‘लॉरेन्स’ हे जहाज तोफांच्या माऱ्याने खिळखिळे झाले. तो छोट्या होडीतून ‘नायगारा’ या आपल्या दुसऱ्या जहाजावर गेला आणि त्याने हरत आलेली लढाई जिंकली. सरोवर गेले तशी ब्रिटिशांची रसद तुटली, डेट्रॉइट सोडावे लागले आणि माघार घेताना कॅनडातल्या थेम्स नदीकाठी ५ ऑक्टोबरला टेकुम्से पडला. मूळ रहिवाशांच्या एकजुटीचा कणाच त्या दिवशी मोडला. या युद्धात सर्वाधिक गमावले ते त्यांनीच.

जमीन आणि पाणी यांची सांगड सर्वांत स्पष्ट दिसते ती न्यूयॉर्क राज्यातल्या प्लॅट्सबर्गला, ११ सप्टेंबर १८१४ रोजी. ब्रिटिश जनरल प्रेव्होस्ट सुमारे दहा हजारांची फौज घेऊन शॅम्प्लेन सरोवराच्या काठाने उतरला होता; समोर अमेरिकी जनरल अलेक्झांडर मॅकॉम्बची तुटपुंजी शिबंदी. उपसागरात अमेरिकी आरमारी अधिकारी थॉमस मॅकडोनोने आपली जहाजे नांगरून ठेवली आणि आपल्या ‘साराटोगा’ या जहाजाच्या दोन्ही अंगांना जादा नांगर टाकून त्यांचे दोरखंड तयार ठेवले. ब्रिटिशांचे ‘कॉन्फियान्स’ इतके नवे होते की सुतारांचे हात अजून त्यावर चालू होते. लढाईला तोंड फुटताच त्याचा प्रमुख जॉर्ज डाउनी निखळलेल्या तोफेखाली सापडून ठार झाला. ‘साराटोगा’च्या एका बाजूच्या तोफा बंद पडल्यावर खलाशांनी दोर ओढून जहाज जागच्या जागी फिरवले आणि दुसरी, धडधाकट बाजू शत्रूपुढे आणली. ‘कॉन्फियान्स’ला तेच करताना जमेना, ते अर्धवट अडकले आणि शरण आले. सरोवर हातचे जाताच प्रेव्होस्टने जमिनीवरचा हल्ला थांबवला आणि एवढी मोठी फौज घेऊन तो मागे फिरला. अवघ्या अडीच आठवड्यांपूर्वी ब्रिटिशांनी वॉशिंग्टन जाळले होते. त्या घावानंतर या विजयाने अमेरिकेला तहाच्या बोलण्यांत मोठा आधार दिला.

२४ डिसेंबर १८१४ रोजी आजच्या बेल्जियममधल्या गेंटला तहावर सह्या झाल्या. सीमा जवळजवळ युद्धापूर्वी होती तशीच राहिली. बातमी शिडाच्या जहाजाने येणार, म्हणून ८ जानेवारी १८१५ ची न्यू ऑर्लिन्सची मोठी लढाई त्यानंतर झाली. शेवटची आरमारी चकमक तर ३० जून १८१५ रोजी जावाजवळ, सुंदा सामुद्रधुनीत घडली. ‘पीकॉक’ या अमेरिकी युद्धनौकेने ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई मरीन या आरमाराचे छोटे ब्रिग (दोन डोलकाठ्यांचे जहाज) ‘नॉटिलस’ गाठले. तह झाल्याचे ‘नॉटिलस’चा प्रमुख चार्ल्स बॉइस याने सांगितले, पण ‘पीकॉक’चा कप्तान लुईस वॉरिंग्टन याने निशाण उतरवण्याचा हट्ट सोडला नाही. बॉइसने ते नाकारले. मग झालेल्या माऱ्यात मेलेल्यांत हिंदी लास्कर खलाशीही होते. तहाची खात्री पटल्यावर वॉरिंग्टनने जहाज सोडून दिले. बॉइसचा पाय मात्र कापावा लागला.