बटाट्याने चित्र उजळतं का?

‘जुन्या तैलचित्रावर कापलेला बटाटा फिरवा, रंग नव्यासारखे होतात’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. तो पटतो, कारण फोड खरंच काळी पडते. पण निघते ती वरची धूळ-काजळी. युरोपातल्या १६व्या शतकातल्या समूहचित्रांतले चेहरे पिवळट दिसतात ते बहुधा राळेच्या जुन्या व्हार्निशमुळे, आणि ते पाण्यात विरघळत नाही. उलट बटाट्याचं पाणी भेगांतून झिरपतं, रंगाखालचं खडू-सरसाचं अस्तर फुगतं, रंगाचे पोपडे सुटू लागतात. उरलेल्या स्टार्चवर बुरशी धरते ती वेगळीच.

पडताळायचं तर अंधारात अतिनील टॉर्च मारा: राळेचं जुनं व्हार्निश हिरवट चमकतं, नंतरची डागडुजी बहुधा काळसर दिसते. संवर्धकसुद्धा आधी कडेच्या नखाएवढ्या जागेत द्रावक तपासतात, मगच चेहऱ्यांकडे वळतात.